'वाय स्पीक' : फिलिपिनो युवकांचे वादपीठ

'वाय स्पीक' हा फिलिपिन्समधील युवकांसाठीचा दूरचित्रवाणीवरील वादचर्चेचा कार्यक्रम. २००४ साली एबीएस-सीबीएन या समूहाच्या 'स्टुडिओ २३' वाहिनीवर तो सुरू झाला. एखादा सामाजिक प्रश्न घ्यावयाचा, विद्यार्थ्यांनी त्याच्या बाजूने व विरुद्ध मते मांडावयाची आणि सूत्रसंचालकांनी दोन्ही पक्षांना बोलते ठेवावयाचे, असे त्याचे साधे स्वरूप. रायन अगोन्सिल्यो व बियांका गोन्झालेस हे त्याच्या सूत्रसंचालकांपैकी होत. इंग्रजीतील 'वाय' हे अक्षर युवकवाचक शब्दाचे आद्याक्षर. कानाला मात्र ते 'का?' असे ऐकू येते. तेव्हा 'का बोलावे?' हा प्रश्न कार्यक्रमाच्या नावातच सामावला होता.

हा देश आपल्या वाचकांस अगदीच परका नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी मनिला येथेच फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला व तेथूनच १५९३ साली ते जपानला गेले. कॅथलिकांची बहुसंख्या असलेले देश आशियात दोनच आहेत, फिलिपिन्स आणि पूर्व तिमोर.

पार्श्वभूमी

२००० सालच्या जनगणनेनुसार फिलिपिन्सची लोकसंख्या सुमारे ७ कोटी ६५ लाख होती आणि त्यातील निम्मे लोक २१ वर्षांखालचे होते. हा तरुण वर्ग मुका नव्हता. फेब्रुवारी १९८६ मध्ये कार्डिनल हाइमे सिन यांनी रेडिओ वेरितासवरून हाक दिली, लक्षावधी नागरिक मनिलातील एडसा मार्गावर उतरले आणि मार्कोस यांची राजवट संपली. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांच्यावरील महाभियोगाची सुनावणी लोक घरोघरी पाहत होते. पुराव्याचे एक पाकीट उघडू नये असे सिनेटने ११ विरुद्ध १० मतांनी ठरविताच भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांनी त्याच रस्त्यावर पुन्हा गर्दी जमली. त्या गर्दीत विद्यार्थी मोठ्या संख्येने होते.

रस्त्यावर घोषणा देणे आणि समोरच्याचे म्हणणे ऐकून त्यास उत्तर देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचे शिक्षण विद्यापीठांत मिळत असे. जागतिक आंतरविद्यापीठ वादस्पर्धा १९९९ साली मनिलातच भरली होती. परंतु ते वाद इंग्रजीत आणि निवडक विद्यार्थ्यांचे. प्रौढांसाठी जीएमए वाहिनीवर सोलिता मोन्सोद व ऑस्कर ओर्बोस यांचा वादाचा कार्यक्रम चालत असे. दूरचित्रवाणीवर सर्वसाधारण विद्यार्थ्यांस असे स्थान देणे हे 'वाय स्पीक'चे वैशिष्ट्य होय. तेथील तरुणांची रोजची बोली तागालोग व इंग्रजी यांची सरमिसळ असते. तिला 'टॅगलिश' म्हणतात. ज्या भाषेत मनुष्य घरी विचार करतो त्या भाषेत त्याला बोलू दिले की भीड चेपते.

देशापुढील प्रश्न

त्या वर्षांत फिलिपिनो युवकांसमोर असलेले प्रश्न किरकोळ नव्हते. देहान्त शासनाचेच पाहा. १९८७ च्या राज्यघटनेने ते रद्द केले, १९९३ च्या कायद्याने परत आणले. १९९९ व २००० या वर्षांत सात जणांना विषारी इंजेक्शन देऊन ठार करण्यात आले. ख्रिस्तसभेने सातत्याने विरोध केला आणि २४ जून २००६ रोजी ही शिक्षा पुन्हा रद्द झाली.

दुसरा प्रश्न खुद्द युवकांच्या सत्तेचा. १९९१ च्या कायद्यानुसार तेथे प्रत्येक बारांगायमध्ये, म्हणजे स्थानिक शासनाच्या सर्वांत लहान घटकात, 'सांगुनियांग काबाताआन' ही निवडून आलेली युवक परिषद असते. ती पुढाऱ्यांच्या मुलांची पाठशाळा झाली आहे, सबब बरखास्त करावी, असे अनेकांचे म्हणणे होते. अखेर २०१६ साली ती न मोडता सुधारण्यात आली. उमेदवाराचे वय १८ ते २४ ठरले आणि पदाधिकाऱ्यांच्या जवळच्या नातलगांस उभे राहण्यास बंदी झाली.

सर्वांत अवघड वाद प्रजनन आरोग्य विधेयकाचा. बिशप परिषद विरोधात ठाम उभी राहिली. २००८ साली येशूसंघीयांच्या अतेनेओ द मनिला विद्यापीठातील काही प्राध्यापकांनी, कॅथलिक व्यक्ती सद्सद्विवेकाने या विधेयकास पाठिंबा देऊ शकते, असे निवेदन व्यक्तिशः प्रसिद्ध केले. डिसेंबर २०१२ मध्ये कायदा झाला. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी कायम केला. सद्सद्विवेकास स्मरून नकार देणाऱ्या वैद्यकीय सेवकांस शिक्षा करणारी कलमे मात्र रद्द केली.

अशा वादाचे आम्हांस विशेष वाटते ते असे की दोन्ही बाजूंस बसलेली मुले बहुधा एकाच मिस्साबलिदानास जाणारी असतात. ख्रिस्तसभेच्या शिकवणीस उत्तरादाखल प्रश्न येतील, हे भय काही पालकांस वाटणे स्वाभाविक आहे. तथापि जी शिकवण तरुणाने कधी स्वतःच्या शब्दांत मांडलीच नाही, ती पहिल्या आक्षेपासरशी त्याच्या हातून निसटते. बाजू मांडण्यासाठी त्याला ती आधी समजून घ्यावी लागते.

व्यासपीठ गेले, प्रश्न उरले

'स्टुडिओ २३' ही वाहिनी जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली. ५ मे २०२० रोजी शासकीय आदेशाने एबीएस-सीबीएनचे प्रक्षेपणच थांबले आणि १० जुलै रोजी प्रतिनिधिगृहाच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नवा परवाना नाकारला. युवकांचा वाद तोवर फेसबुकवर गेला होता. तेथे प्रत्येकाला बोलता येते, पण विरुद्ध पक्षाचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत थांबावयास लावणारा सूत्रसंचालक नसतो.

प्रश्न मात्र संपलेले नाहीत. मे २०२४ मध्ये फिलिपिन्सच्या प्रतिनिधिगृहाने घटस्फोटाचे विधेयक मंजूर केले. सिनेटची संमती मिळण्यापूर्वीच त्या संसदेची मुदत संपली. व्हॅटिकन वगळता घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा नसलेला तो एकच देश आहे. हा कायदा व्हावा की नाही, हे ज्यांच्या विवाहांवर ठरावयाचे ती पिढी आज तेथे महाविद्यालयांत शिकत आहे. तिने समोरासमोर बसून बोलावे अशी जागा तिला पुन्हा मिळावी, एवढीच आमची सदिच्छा.