शिवडीचा बोल्ट, कुर्ल्याचं लॉक

मोटारीचं इंजिन उघडलं की आधी डोळ्यांत भरतात ते पिस्टन, क्रँक आणि व्हॉल्व्ह. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन मात्र पिस्टनच्या पोटात दडलेली असते. करंगळीच्या जाडीची, पोकळ, वरून कडक केलेली पोलादी नळी. गॅरेजमध्ये तिला गजन पिन म्हणतात. जुन्या फियाटचा पिस्टन 68 मिलिमीटर व्यासाचा. गाडी पूर्ण जोर लावून घाट चढत असेल, तर प्रत्येक स्फोटाला त्यावर दीडएक टनाचा रेटा येतो आणि तो सगळा या नळीतून रॉडकडे जातो. क्रँक मिनिटाला 4000 फेऱ्या मारत असेल, तर पिस्टन त्याच मिनिटात 8000 वेळा थांबून दिशा बदलतो. तो झटकाही हीच पिन सोसते.

एवढ्या माराखाली पिन बाजूला सरकू नये, म्हणून तिला धरून ठेवण्याच्या तीन पद्धती निघाल्या. रॉडच्या वरच्या डोळ्यात ती बोल्टने आवळायची. किंवा रॉड आणि पिस्टन दोन्हींत मोकळी ठेवून टोकांना स्प्रिंगची लॉकं बसवायची. किंवा रॉडमध्ये इतकी घट्ट दाबायची की वेगळ्या बंधनाची गरजच उरू नये. ऐकायला हा बारीकसा तांत्रिक तपशील वाटतो. पण इंजिनाचं काम रस्त्यावरचा मिस्त्री करणार की मशीन शॉपवाला, हे बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरत आलं. मुंबईत तर या तिन्ही पद्धतींचे पत्तेसुद्धा देता येतात.

पहिला पत्ता शिवडीचा. जनरल मोटर्सने 1928 मध्ये तिथे गाड्या जोडायचा कारखाना काढला आणि सुटे भाग जहाजाने आणून शेवरले उभ्या करायला सुरुवात केली. त्याआधी रस्त्यांवर फोर्डची मॉडेल टी होतीच. मॉडेल टी काय, शेवरलेचं सहा सिलिंडरचं इंजिन काय, दोन्हींत पिन धरायची रीत एकच: रॉडचा वरचा डोळा एका बाजूने चिरलेला आणि त्या चिरेतून आडवा जाणारा बोल्ट. पिनेच्या मध्यावर एक खाच. बोल्ट त्या खाचेतून गेला की पिन ना डावीकडे सरकत, ना उजवीकडे. पुढे 1949 पासून महिंद्रांनी माझगावला विलीज जीप जोडायला घेतल्या, त्यांतही हाच बोल्ट. तिकडे कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात बनणाऱ्या अँबॅसडरमध्ये 1489 सीसीचं इंजिन आलं, त्यातही हाच.

बोल्टवाल्या पिनेचं काम कुणालाही जमायचं, असं वाटू शकतं. बोल्ट सैल करा, पिन बाहेर. पण हाच बोल्ट आवळताना शिकाऊ हातांची परीक्षा असे. रॉड व्हाइसमध्ये पकडून बोल्ट ताणला की रॉड पिळला जातो. डोळ्यांना दिसणारही नाही इतका, पण पिस्टन सिलिंडरमध्ये तिरका चालायला तेवढं पुरतं. म्हणून जाणता माणूस रॉडला हात लावत नाही. पिनेच्या दोन्ही तोंडांत बुचासारखे तुकडे बसवून तो पिनच व्हाइसमध्ये धरतो आणि मग बोल्ट आवळतो. खाच बोल्टच्या रेषेत नसेल, तर बोल्ट आत शिरतच नाही. तरी कुणी जबरदस्तीने फिरवला, तर आटे जातात. आणि आटे गेलेला बोल्ट चालत्या इंजिनात सुटला, तर मोकळी पिन सिलिंडरच्या भिंतीवर खोल चर पाडते. मग ब्लॉक बोअर केल्यावाचून, म्हणजे सिलिंडर कातून मोठा केल्यावाचून, गत्यंतर नसतं.

या सगळ्या कामात उष्णतेचा उपयोग नव्हता. शेवरलेच्या त्या इंजिनाचे पिस्टन बराच काळ ओतीव लोखंडाचे होते. लोखंड आणि पोलाद तापल्यावर जवळजवळ सारखेच फुगतात, त्यामुळे पिस्टन तापवून काही साधत नाही. हे चित्र बदललं ॲल्युमिनियममुळे. पुढे बेंटली गाड्या काढणारे डब्ल्यू. ओ. बेंटली 1913 मध्ये डीएफपी या फ्रेंच मोटार कंपनीच्या कचेरीत गेले असताना त्यांच्या नजरेला ॲल्युमिनियमचा एक पेपरवेट पडला. या धातूचे पिस्टन का नकोत, असं त्यांच्या मनात आलं. बारा टक्के तांबं मिसळून तसे पिस्टन ओतले गेले आणि डीएफपीची गाडी शर्यतींत चमकली. बेंटलींना हवा होता हलकेपणा. पण या धातूचा आणखी एक गुण जगभरच्या मिस्त्रींच्या पथ्यावर पडला: तो पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतो.

दुसरा पत्ता कुर्ल्याचा. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 पासून क्रायस्लर गटाच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या तिथे जोडल्या जाऊ लागल्या. क्रायस्लरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात बोल्ट नव्हता. रॉडच्या डोळ्यात ब्राँझचं बुश (नळीसारखी कडी), त्यात पिन मोकळी, पिस्टनमध्ये ती बेताची घट्ट, आणि दोन्ही टोकांना खाचेत बसणारी लॉकं. 1954 पासून फियाट 1100 आली. तिच्याही रॉडमध्ये ब्राँझचं बुश होतं. डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी अशी नावं पालटत हीच गाडी 2000 सालाच्या आसपासपर्यंत चालली. 1089 सीसीचं इंजिन शेवटपर्यंत मुळात तेच राहिलं. त्यामुळे एकदा शिकलेलं काम मुंबईच्या मिस्त्रीला जन्मभर पुरलं, अशी सवलत फार थोड्या कारागिरांना मिळाली असेल.

या कामाची पद्धत अशी. आधी रॉड आणि पिस्टनवर एक ते चार आकडे टाकायचे, कारण एकाची पिन दुसऱ्यात घालणं म्हणजे दुखणं विकत घेणं. मग टोकदार चिमट्याने लॉकं काढायची. लगेच पिन ढकलायला जाणारा पोऱ्या इथे हमखास बोलणी खातो. लॉकच्या खाचेशी जळक्या तेलाचा कडक थर साचलेला असतो. पिन त्याला अडते आणि पोऱ्याचा हात हातोडीकडे जातो. त्याआधी तो थर चाकूच्या टोकाने खरवडून काढायचा असतो. त्यानंतर पिस्टन गरम पाण्याच्या डब्यात टाकायचा. खोलीच्या तापमानापेक्षा तो साठ अंशांनी तापला, तर वीस मिलिमीटरचं भोक मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांश भागाने मोठं होतं. आकडा क्षुल्लक दिसतो; पण सगळी घट्टाई तेवढ्यातच असते. फडक्यात धरलेल्या पिस्टनमधून पिन अंगठ्याच्या दाबाने बाहेर येते. बसवताना पिस्टन गरम आणि पिन गार, तेल लावलेली. एका सरळ रेट्यात ती पार गेली पाहिजे. आणि लॉकं नवी. चिमट्याने एकदा दाबलेल्या लॉकातला ताण गेलेला असतो. ते पुन्हा वापरून वाचवलेले चार पैसे पुढे बोअरिंगच्या बिलात भरावे लागतात.

पिस्टन उलटा बसवला तरी पिन तक्रार न करता आत जाते, ही यातली खरी खोच. बऱ्याच इंजिनांत पिनेचं भोक पिस्टनच्या बरोबर मध्यावर नसतं, मिलिमीटर-दीड मिलिमीटर एका बाजूला असतं. पिस्टन दिशा बदलताना भिंतीवर आपटू नये, म्हणून केलेली ती योजना. पिस्टनच्या माथ्यावर दिशा दाखवणारा बाण असतो; तो उलटा राहिला, तर सकाळी गार इंजिन खडखडतं आणि गिऱ्हाईक परत दारात उभं राहतं.

जनरल मोटर्सने 1954 मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. देशातच गाड्या बनवायचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना सरकारने जागा ठेवली नव्हती. गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या आणि त्यांचे भाग येणं आटलं. ऑपेरा हाउस परिसरातली स्पेअरची दुकानं आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा भंगारबाजार हे त्या टंचाईतले आधार. इंजिनाचं काम तेव्हा नवा भाग आणून बसवण्याचं नव्हतं, आहे त्यात भागवण्याचं होतं. बुश झिजलं की नवं ठोकून हाताच्या रीमरने, म्हणजे भोक तासून मोठं करणाऱ्या हत्याराने, पिनेच्या मापाला आणायचं. पिस्टनचं भोक सैल झालं, तर ते रीम करून इंचाच्या काही हजारांश भागांनी जाड असलेली पिन घालायची. मद्रासमध्ये इंडिया पिस्टन्स 1949 मध्ये सुरू झाली होती, पुढे आणखी कंपन्या आल्या. पण रीमरची सवय सहजी गेली नाही. तेल लावलेली पिन बुशातून स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरली की काम जमलं, ही हाताला कळणारी परीक्षा. मायक्रोमीटर असणाऱ्यांनीही ती सोडली नाही.

तिसरी पद्धतही कुर्ल्यातूनच आली. प्रीमियरने 1985 मध्ये 118 एनई ही गाडी काढली, तिच्यात निसानचं 1171 सीसीचं इंजिन होतं. या इंजिनात पिन रॉडमध्ये दाबून बसवलेली. बुश नाही, बोल्ट नाही, लॉक नाही. भाग कमी, वजन कमी, कारखान्यात काम झटपट. मिस्त्रीसाठी मात्र वाट बंद. ही पिन काढायला प्रेस लागतो आणि पिस्टनला नेमका आधार देणारा ठोकळा लागतो. पितळी दांडा आणि हातोडी घेऊन बसलं, तर पिस्टन तडकतो. घालायची रीतही वेगळी. इथे पिस्टन तापवायचा नसतो, तापवायचा तो रॉडचा डोळा, 240 अंशांच्या आसपास. पिन एका मापाच्या दांड्यावर तयार धरायची आणि एका दमात मध्यापर्यंत सरकवायची. हाताशी असतात जेमतेम काही सेकंद. गार पिन तापते, तापलेला रॉड निवतो, आणि पिन अर्ध्यावर राहिली, तर पुन्हा प्रेस, बहुधा नवा पिस्टनही.

त्यामुळे फूटपाथवर सुरू होऊन तिथेच संपणारं काम दोन ठिकाणी वाटलं गेलं. गॅरेजवाला इंजिन उतरवणार, पिस्टन-रॉडची पिशवी मशीन शॉपला धाडणार आणि जोडून आल्यावर इंजिन बांधणार. इंजिनाच्या कामातली मजुरीही तशीच विभागली गेली, आणि मोठा वाटा ज्याच्याकडे यंत्र, त्याच्याकडे गेला. भंगारातलं हाफ इंजिन (पिस्टन-क्रँकसह जोडलेला ब्लॉक) आणून बसवणं बऱ्याचदा याहून स्वस्त पडू लागलं, तेव्हा पिन काढायचा प्रसंगच कमी झाला. हे अपरिहार्य होतं असं म्हणतात; पण दाबून बसवलेल्या पिनेत गाडीमालकाच्या सोयीपेक्षा कारखान्याची सोय जास्त पाहिलेली आहे, हेही खरं.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी अजून हौशी लोकांकडे आहेत. त्यांपैकी कुणी इंजिन उघडायला काढणार असेल, तर मिस्त्रीला आधी दोनच गोष्टी विचाराव्यात: पिस्टन कशात तापवणार, आणि लॉकं नवी आणली आहेत का. पहिल्या प्रश्नावर त्याने हातोडी दाखवली, तर गाडी तशीच टो करून घरी आणावी.