आत्मबलिदान (भूमिकाखेळातील)

मेजाभोवती बसून, फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये सोबत्यांच्या जिवासाठी किंवा हाती घेतलेल्या कामगिरीसाठी आपले पात्र जाणूनबुजून मरणाच्या तोंडी देणे.

खेळातले मरण मराठी माणसाला परके नाही. खेड्यापाड्यातले पोरही कबड्डीत बाद झालेल्याला 'मेला' म्हणते. संजीवनी प्रकारात समोरचा एक गडी मेला की आपला एक उठतो. गामिनीत मात्र अख्खा संघ मरेपर्यंत कडेला बसावे लागते. संजीवनीत एकटा उरलेला गडी कधीकधी मुद्दाम मरतो. संघावर लोण चढतो, दोन जादा गुण जातात, पण सातही जण मैदानात परततात. बलिदान खरे, पण हिशेबाचे. भूमिकाखेळात मेलेले पात्र सहसा उठत नाही, म्हणून तिथे पेच पडतो.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून (१९७४) मरण म्हणजे हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारे गुण) संपणे, थोडक्यात हरणे. या मापाने घोडखिंडीची लढाई (जुलै १६६०) बाजीप्रभू हरले असेच म्हणावे लागेल! चूक मापात आहे. 'शत्रूला मारणे' याऐवजी 'शिवाजी महाराज विशाळगडी पोहोचेपर्यंत खिंड अडवणे' हे उद्दिष्ट गेममास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) फासे पडण्याआधी ठरवले, तर बाजी पडूनही डाव जिंकतात. खिंड किती वेळ टिकली हे फाशाने खुशाल ठरवावे. प्राण वाया गेले की नाही, हे त्याच्यावर सोडू नये.

नव्या खेळांनी ही वाट धरली आहे. 'फेट कोअर'मध्ये (२०१३) फासे टाकण्यापूर्वी हार पत्करली, तर पात्राचे पुढे काय होते यात खेळाडूचा शब्द राहतो. 'डॅगरहार्ट'मध्ये (२०२५) मरण पत्करणाऱ्याला शेवटची एक कृती मिळते. ती हमखास फत्ते होते, मग पात्र जाते. मोबदला इतका घसघशीत असला की कंटाळलेला खेळाडू जुने पात्र हुतात्मा करून नवे मागू लागतो, हा धोका आहेच.

पात्र गमावलेल्याच्या हाती उरलेल्या बैठकीपुरता एखादा दुय्यम शिलेदार देतात. गामिनीतल्या मेल्या गड्यासारखे त्याला रात्रभर कडेला बसवणे बरे दिसत नाही.