पोर्तुगीजांच्या वेळचे यंत्र

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या जुन्या वर्कशॉपात कोपऱ्यात उभ्या असलेल्या लेथविषयी चौकशी केली, तर बहुधा एकच उत्तर मिळते: "हे पोर्तुगीजांच्या वेळचे." हे उत्तर खोटे नसते, परंतु ते काळ सांगते, मूळ सांगत नाही. १९६१ च्या डिसेंबरपूर्वी ते यंत्र गोव्यात आले होते, एवढाच त्याचा अर्थ. ते पोर्तुगालात घडले असे त्यावरून मुळीच ठरत नाही. यंत्रे घडविणाऱ्या देशांत पोर्तुगालची गणना कधीच मोठी नव्हती. इंग्लंड आणि जर्मनी यांच्याकडून तो देश स्वतःच यंत्रे विकत घेत असे.

राज्य एकाचे आणि यंत्र दुसऱ्याचे, ही गोव्यातील जुनीच रीत आहे. १८८८ साली मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत आगगाडी सुरू झाली, ती पोर्तुगीज मुलखातून धावत असली तरी भांडवल ब्रिटिश होते. त्याहून मागे जावे तर १५५६ साली गोव्यात आलेला छापखाना आठवतो. तो पोर्तुगालहून जेझुइटांबरोबर निघाला खरा, पण निघाला होता हबसाणाकडे. पुढचा प्रवास घडला नाही, आणि भारतातील पहिले मुद्रण जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात झाले. यंत्राला जिकडे जायचे असते तिकडेच ते पोचते असे नाही, हे त्या पहिल्याच यंत्राने दाखवून दिले!

पेडणे व डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. सरहद्द पडली, तरी नातीगोती, बाजारहाट आणि भाषा यांनी ती फारशी मानली नाही. यंत्रांच्या दृष्टीने मात्र या सरहद्दीला एक निराळाच अर्थ होता. पोर्तुगालने १८५२ साली मेट्रिक पद्धती स्वीकारली. पलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानात फूट आणि इंच चालत. कोकणातील फिटर आजही इंचाच्या आठव्या भागाला 'सूत' म्हणतो. भारताने मेट्रिक मापांचा कायदा केला तो १९५६ साली. म्हणजे दीर्घकाळ एका ओढ्याच्या दोन तीरांवर दोन निरनिराळी सरकारी मापे नांदत होती. जुन्या लेथचे मूळ शोधावयाचे ते याच मापांच्या खुणांवरून.

सर्वांत बोलका पुरावा म्हणजे आटे. इंग्लंडात व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचे प्रमाण ठरविले. त्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत सेलर्सने १८६४ साली ६० अंशांचा कोन सुचविला. युरोपातील मेट्रिक आट्यांचे प्रमाण १८९८ साली झुरिच येथे ठरले. त्यांचाही कोन ६० अंशांचा. अर्ध्या इंचाचा एक मूळचा बोल्ट काढून इंचभर लांबीतले आटे मोजले, की इंग्लिश बोल्टावर १२ भरतात आणि अमेरिकनावर १३. हे काम फूटपट्टी आणि चांगली नजर असलेला विद्यार्थीही करू शकेल. यानंतर पाहावी ती हँडलवरील गोल पट्टी. तिच्यावर इंचाचे हजारावे भाग आहेत की मिलिमीटरचे शंभरावे, हे पाहिले म्हणजे यंत्र कोणत्या मापात विचार करते ते कळते.

आता एक अडचण. बोल्ट बदलले जातात, हँडले मोडतात, आणि कारागीर हाताशी असेल ते बसवून काम चालवितो. म्हणून एका खुणेवर विसंबू नये. यंत्राच्या बेडवरील ओतीव अक्षरे अधिक विश्वासाची, कारण ती बिडाबरोबरच जन्मलेली असतात. रंगाचे चार थर खरवडले तरी ती जात नाहीत. स्क्रूने बसविलेली पितळी पाटी मात्र सावधपणे वाचावी. पुष्कळदा ती कारखानदाराची नसून विक्रेत्याची असते. कॉव्हेंट्रीची आल्फ्रेड हर्बर्ट ही कंपनी स्वतः यंत्रे बनवी, तशीच ती इतरांची यंत्रेही विकी. तेव्हा तिच्या नावाच्या पाटीमागे दुसऱ्याच कोणाचे यंत्र दडलेले असू शकते. अमेरिकेतील साउथ बेंड कारखान्याच्या पाटीवर गावाच्या नावापुढे 'इंड' अशी तीन अक्षरे असतात. ती पाहून यंत्र भारतीय ठरविण्याचा मोह होतो, पण ते 'इंड' म्हणजे इंडियाना हे संस्थान! याच्या उलट, १९४१ साली हरिहर येथे निघालेल्या म्हैसूर किर्लोस्करांचा अस्सल देशी लेथ केवळ बळकट दिसतो म्हणून 'जर्मन' ठरविला जाणेही अशक्य नाही.

देशांच्या नावांतही तारखा दडलेल्या असतात. 'पश्चिम जर्मनी' असे लिहिलेले यंत्र १९४९ च्या आधीचे असू शकत नाही. 'व्याप्त जपान' अशी अक्षरे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या थोड्याच वर्षांची.

जपानचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लोहखाणीसाठी १९५१ साली जपानी उद्योगाशी करार झाला. जपानने यंत्रसामग्री द्यावी आणि तिची किंमत खनिजाच्या रूपाने फेडून घ्यावी, असे त्याचे स्वरूप होते. युद्धात होरपळलेल्या देशाला लोखंड हवे होते, आणि टोपल्यांनी खनिज वाहणाऱ्या डिचोलीला यंत्रे. पुढे १९५४-५५ साली भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली. १९५५ च्या ऑगस्टात पेडण्यातील पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींचे रक्त सांडले. बेळगाव आणि मुंबई येथून येणारा माल थांबला आणि मुरगाव बंदर हाच गोव्याचा मुख्य दरवाजा राहिला. त्या काळातील यंत्र कोठून आले हे पाहणे म्हणजे नाकेबंदीचा इतिहास लोखंडात वाचणे होय.

जपानी पाटीवर इसवी सन नसले तरी निराश होऊ नये. तेथे बहुधा शोवा शकाचे वर्ष असते. त्यात १९२५ मिळवावे. शोवा २६ म्हणजे १९५१. आट्यांवर मात्र येथे भिस्त ठेवू नये, कारण जपानी कारखान्यांतही इंग्लिश आटे बराच काळ वापरात होते.

वर्कशॉपातील सुट्या दातेरी चाकांची पेटीही अवश्य उघडून पाहावी. तीत १२७ दात्यांचे चाक आढळले तर ते जपून ठेवण्यासारखे आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, पाच इंच म्हणजे बरोबर १२७. इंचाच्या लेथवर मेट्रिक आटे पाडावयाचे, तर हेच चाक लागते. ज्याच्यापाशी ते होते, त्या कारागिराकडे दोन्ही मापांची कामे येत होती.

२०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली गोव्यातील खाणकाम थांबले. यंत्रे निकामी पडली, की त्यांना ठाऊक असलेला रस्ता एकच: भंगाराचा. भंगारवाला यंत्र वजनावर घेतो, आणि पाटीचे पितळ निराळे काढून विकतो. म्हणून ट्रक दाराशी लागण्यापूर्वी दहा मिनिटे खर्चावी. रॉकेलच्या बोळ्याने बेडचे टेलस्टॉककडील टोक पुसावे. अनेक कारखाने आपला अनुक्रमांक तेथेच ठोकतात. तो अंक, ओतीव अक्षरे, बोल्टाचे आटे आणि यंत्र कोणाकडून, कोणत्या साली घेतले याविषयी घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत, ही सर्व एकाच कागदावर उतरवावी. हकीकत आणि लोखंड यांचा मेळ बसला नाही, तरी दोन्ही लिहावी.