बाई उभी करायची, पण अटी कुणाच्या?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पारावर पहिला प्रश्न निघतो, यंदा बाई कुणाची उभी करायची? बाई उभी राहते असं अजून फार कुणी म्हणत नाही. पण उभं राहायला कोण चालेल आणि कोण नाही, हे ठरवायची गोष्ट आपल्या मुलखात जुनी आहे. ती औंधपासून सांगतो.

औंध संस्थान म्हणजे आजच्या खटाव तालुक्यातलं औंध, सांगलीकडची आटपाडी, कुंडल असा तुकड्यातुकड्यांचा मुलूख. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी जानेवारी 1939 मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना मंजूर केली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, म्हणजे भारतानंद, या कामात पुढे होते. सल्ला गांधीजींचा. गावानं पंच निवडायचे आणि कारभार तिथून वर जायचा, अशी रचना होती. मताला मात्र एक अट होती, लिहितावाचता आलं पाहिजे. त्यामुळे साक्षरतेला जोर येईल, असा विचार होता. हेतू चांगलाच. पण आपल्या पणज्या शाळेची पायरी किती चढल्या होत्या, ते घरोघरी ठाऊक आहे.

शेजारच्या इंग्रजी मुलखात वेगळी तऱ्हा होती. मुंबई इलाख्यात 1921 पासून बायकांना मत मिळालं, पण मालमत्तेच्या नाहीतर साऱ्याच्या अटीवर. जमीन नवऱ्याच्या नावावर, मग बाईचं मत कुठून येणार? पुढे 1935 च्या कायद्यानं काही बायकांना नवऱ्याच्या मालमत्तेवरून मत दिलं. म्हणजे तिथंही ओळख त्याचीच.

स्वतंत्र भारतात 21 वर्षांवरच्या प्रत्येकाला मत मिळालं आणि या अटी गळाल्या. तरी पहिल्या निवडणुकीच्या यादीतून देशभरातल्या सुमारे 28 लाख बायकांची नावं निघाली. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच त्यांनी सांगितलं होतं, स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. त्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यातच घेणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना त्यात नवल वाटू नये.

आता आपल्या ग्रामपंचायतीकडे येऊ. कायदा 1958 चा. राज्यात 1990 ला बायकांसाठी 30 टक्के जागा राखीव झाल्या, 73 व्या घटनादुरुस्तीनं 1993 ला एक तृतीयांश, आणि 2011 पासून निम्म्या. दार असं उघडत गेलं, तशा उंबऱ्यावरच्या अटीही वाढल्या. 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेल्या मुलामुळे मुलं दोनाच्या वर गेली, तर अपात्र. ग्रामपंचायतीचं बिल हातात पडून तीन महिन्यांत घरपट्टी, पाणीपट्टी भरली नाही, तर अपात्र. घरात शौचालय असल्याचा दाखला लागतो. 1 जानेवारी 1995 ला किंवा नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असावं लागतं. औंधची अट अशी ऐंशी वर्षांनी परत आली.

या अटी पुरुषांनाही आहेत, ते खरं. पण घर कुणाच्या नावावर? घरपट्टीचे पैसे कुणाच्या खिशात? तिसरं मूल मुलग्यासाठी हवं, हे घरात कोण ठरवतं? ठरवणारे दुसरे आणि अर्ज बाद होतो तो बाईचा, हे आम्हाला खटकतं.

अतिक्रमणाचंच बघा. सरकारी जागेवर अतिक्रमण केलेला सदस्य अपात्र ठरतो. नवऱ्यानं, सासऱ्यानं केलेल्या अतिक्रमणात सून राहत असेल, तर तीही अपात्र, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका सदस्य बाईच्या प्रकरणात सांगितलं. पुढचं प्रकरण जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचं. तिथल्या सरपंचबाई सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात, अशी गावातल्यांनी तक्रार केली. आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असं त्या सांगत होत्या. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं, आयुक्तांनी ते कायम केलं, उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. शेवटी सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं पद परत दिलं. बाई सरपंच झालेली गावाला सोसली नाही, हेही न्यायालयानं बोलून दाखवलं. दिल्लीपर्यंत किती जणी जाऊ शकतील?

दुसऱ्या बाजूची लबाडीही सांगायला हवी. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं रद्द केल्या, कारण सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला होता. जमलेला पैसा देवळाला लावला तरी तो लिलावच. बिनविरोध म्हटलं की कौतुक होतं, पण अर्ज कुणाला भरू दिला नाही, ते विचारलं पाहिजे.

तेव्हा उभं राहायचं मनात असेल, तर निवडणूक लागायची वाट बघू नका. थकबाकी भरून पावती आपल्याजवळ ठेवा, सासऱ्यांच्या पेटीत नको. राखीव जागेसाठी जात पडताळणीचे कागद आधी गोळा करा. छाननीच्या दिवशी स्वतः हजर राहा, तिथंच हरकती निघतात. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्या. हरलेल्या बायका तो हमखास विसरतात आणि पाच वर्षं निवडणुकीला मुकतात. निवडणुकीतच गैरप्रकार झाला असेल, तर निकालापासून 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. सोळाव्या दिवशी गेलात, तर कितीही खरं असलं तरी उशीरच झाला.