नियमित क्रियापदं आणि आजीचा वर्तमानकाळ

गेले तीन महिने मी फ्रेंच शिकतेय. हौस वगैरे काही नाही. प्रोजेक्टचा क्लायंट लियोंचा, आणि 'ए-टू लेव्हल असेल तर ऑनसाइटचं बघू' असं एक मोघम वाक्य मॅनेजरच्या तोंडून निघालं. एवढं मला पुरलं. शनिवारी क्लास आणि बाकी दिवस अभ्यास कर्जत लोकलमध्ये. कर्जतला राहण्याचा मोठा फायदा म्हणजे बसायला जागा मिळते. भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी... बदलापूर येईपर्यंत वही उघडी ठेवता येते. त्यानंतर हात हलवायलाही जागा नसते, तेव्हा जे पाठ झालं ते झालं.

कर्जत-खालापूरकडच्या माणसाचा आणि फ्रेंचचा काय संबंध, असं शेजारणीने विचारलं होतं. तसा आहे थोडा. १७७७ साली सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणवीसांच्या दरबारी आला. फ्रेंच, म्हणजे पेशवाईच्या कागदांतले 'फरासीस'. नानांनी त्याची चांगली बडदास्त ठेवली आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. राघोबादादांना गादीवर बसवायचं त्यांच्या मनात होतंच, त्यात ही भीती मिसळली. १७७८ च्या अखेरीस त्यांची फौज पनवेलहून निघाली, आमच्या खोपोलीवरून बोरघाट चढून खंडाळ्याला गेली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आली. नानांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ खोपोलीत अजून आहे. फरासीस मात्र बोलण्यापलीकडे गेले नाहीत. नाहीतर आज कर्जत स्टेशनवर वडापावही फ्रेंचमध्ये मागावा लागला असता. असो.

तर, पहिला धडा: नियमित क्रियापदांचा वर्तमानकाळ. क्लासमध्ये पहिलं क्रियापद दिलं ते 'पार्ले', म्हणजे बोलणे. (बिस्किटाचा विनोद करून झालेला आहे.) मूळ धातू घ्यायचा, शेपूट काढायचं, पुरुषाप्रमाणे नवीन शेपूट लावायचं. एकदम फंक्शनसारखं. ज्य पार्ल, मी बोलते. त्यु पार्ल, तू बोलतेस. इल पार्ल, तो बोलतो. एल पार्ल, ती बोलते. नू पार्लों, आम्ही बोलतो. वू पार्ले, तुम्ही बोलता. आणि शेवटी परत इल पार्ल, ते बोलतात.

ऐकायला मजेशीर आहे ना? मी, तू, तो, ती, ते, सगळ्यांना एकच 'पार्ल'. पण लिहायला गेलात की फसलात. 'तू'च्या रूपाला शेवटी एक एस आहे, 'ते'च्या रूपाला ई-एन-टी अशी तीन अक्षरं आहेत, आणि यातलं काहीच उच्चारायचं नाही. पहिल्या टेस्टमध्ये माझे सगळे मार्क या न ऐकू येणाऱ्या अक्षरांनीच खाल्ले. जे बोलायचंच नाही ते लिहायचं कशाला, असा माझा रास्त इंजिनियरी प्रश्न होता. डेड कोड आहे, डिलीट करा!

मग एका रविवारी शोधायला बसले.

ही शेपटं एकेकाळी चांगली खणखणीत ऐकू यायची. फ्रेंचची आई लॅटिन. तिच्यात 'गाणे' हे क्रियापद असं चालतं: कांतो, कांतास, कांतात, कांतामुस, कांतातिस, कांतांत. सहाच्या सहा रूपं वेगळी, त्यामुळे मी-तू-तो म्हणायची गरजही नाही. दहावीला 'स्कोअरिंग' म्हणून संस्कृत घेतलेल्यांना इथे काहीतरी ओळखीचं वाटेल. वदसि, वदति, वदन्ति. 'तू'ला स, 'तो'ला त, 'ते'ला न्त. हा योगायोग नाही, दोन्ही भाषा एकाच घराण्यातल्या. पुढे फ्रेंच लोकांच्या तोंडात शब्दांचे शेवट झिजत गेले आणि कर्ता सांगायचं काम 'ज्य', 'त्यु', 'इल'वर आलं. लिहिणाऱ्यांनी मात्र जुनी अक्षरं सोडली नाहीत. म्हणजे ज्या ई-एन-टीवर माझे मार्क गेले, तो आपल्या वदन्तिमधल्या 'न्ति'चा दूरचा चुलतभाऊ निघाला. आणि तो अगदी मेलेलाही नाही. प्रश्न विचारताना कर्ता मागे टाकला की त्यातला टी जिवंत होतो: पार्लत-इल? ते बोलतात का?

याहून मोठा धक्का पुढे होता. 'नियमित' म्हणून पहिल्या पानावर मिरवणारं हे 'पार्ले' आठशे वर्षांपूर्वी चक्क अनियमित होतं! जुन्या फ्रेंचमध्ये 'मी बोलतो'ला 'पारोल' होतं आणि 'आम्ही बोलतो'ला 'पार्लों'. एकाच क्रियापदाचे दोन धातू. लॅटिनमध्ये जोर काही रूपांत एका अक्षरावर पडायचा आणि 'आम्ही', 'तुम्ही'च्या रूपांत दुसऱ्यावर, त्यामुळे हे झालं. पुढच्या काही शतकांत लोकांनी ते आपोआप सरळ करून टाकलं. 'पारोल' उरलं ते नाम म्हणून, आणि इंग्रजीतून आपल्याकडे आलं ते कैद्यांच्या सुटीसाठी. कैदी 'शब्द देऊन' सुटतो म्हणून पॅरोल!

थोडक्यात, नियमितपणा हा क्रियापदाचा जन्मजात गुण नाही.

आता साहजिकच डोक्यात आलं की आपल्या 'बोलते'चं काय? तर आपल्या क्रियापदांचा इतिहास एका फ्रेंच माणसानेच नीट लिहून ठेवलाय. त्यांचं नाव ज्युल ब्लॉक. त्यांचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ पॅरिसला १९२० साली प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' म्हणून मराठीत आणला. या अभ्यासातून कळतं की मराठीचा मूळ वर्तमानकाळ 'बोलतो' नव्हताच. तो होता 'बोले', 'करी', 'तारी'. संस्कृत वर्तमानकाळाचा हा थेट वंशज. आपण तो म्हणींमध्ये अजून वापरतो: देव तारी त्याला कोण मारी. दाम करी काम. इथे तारी, मारी, करी सगळे वर्तमानकाळी आहेत. पुढे 'करत', 'बोलत' या धातुसाधितांना प्रत्यय लागून 'करतो', 'बोलते' ही नवी रूपं बनली आणि त्यांनी वर्तमानकाळाची खुर्ची घेतली. जुन्याला भूतकाळात पाठवलं. आजोबा रोज ड्युटीला जात, आजी डबा भरून देई. हे 'देई' म्हणजे रिटायर झालेला वर्तमानकाळ.

आणि नवी रूपं धातुसाधितावरून आली, धातुसाधित विशेषणासारखं चालतं, म्हणून मराठी क्रियापदाला लिंग चिकटलं. फ्रेंचमध्ये इल पार्ल, एल पार्ल, काही फरक नाही. क्लायंटच्या टीमशी चॅटवर मी 'ज्य पार्ल' लिहिलं तर मी बाई की बुवा हे कळत नाही. मराठीत 'मी बोलते' म्हटलं की संपलं.

हे वाचता वाचता मी थांबले, कारण मला आजी आठवली. आठवली म्हणजे, ती शेजारच्याच खोलीत होती.

माझे आजोबा रेल्वेत. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात, त्या कामावर ते होते. लग्न करून आजी कुडाळहून थेट कर्जतच्या रेल्वे कॉलनीत आली, आणि येताना आपली मालवणी घेऊन आली. तिचा वर्तमानकाळ असा: मी बोलतंय, तू बोलतंस, तो बोलता, ती बोलता. मराठीचाच तो 'त', फक्त लिंगाची भानगड नाही. बाई बोलो की पुरुष, 'बोलता'. थेट फ्रेंचसारखं.

दुसरीत असताना मी वर्गात उभी राहून 'बाई, मी घरी जातंय' म्हणाले होते. वर्ग हसला. 'तू काय ते बाळ आहेस का, जातंय म्हणायला?' बाईंनी विचारलं आणि वहीत लाल शाईने 'जाते' दहा वेळा लिहून घेतलं. मी घरी आले आणि आजीला सुधारायला लागले. मैत्रिणी आल्या की खास करून. 'आजी, येतंय नाही, येते म्हण.' ती म्हणायला लागली. मग मैत्रिणी आल्या की ती स्वयंपाकघरातून बाहेरच यायची नाही.

तेव्हा मला वाटायचं, 'जाते' बरोबर आणि 'जातंय' चूक हे कुठेतरी वरून ठरून आलंय. आता सन-तारखा काढता येतात. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, दादोबा पांडुरंगांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चं. शाळांना एक छापील मराठी हवी होती, आणि ती पुण्याकडच्या शिष्टांच्या बोलीवर बेतली गेली. दादोबांनी काम मोठंच केलं, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांच्याही आधी दोनशे वर्षं, १६४० साली, गोव्यात राचोलला फादर स्टीफन्सचं कोंकणीचं व्याकरण छापलं गेलं होतं. आजीच्या मालवणीची सख्खी शेजारीण ती. तेव्हा 'त्या बोलींना व्याकरण नसतं' हे म्हणणं तरी कुणी करू नये.

फ्रान्सने तर याबाबतीत कहर केला. क्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, आबे ग्रेग्वार यांनी अहवाल दिला. बोलीभाषा नष्ट करण्याची गरज आणि त्याचे उपाय, असा उघड विषय. त्यांच्याच हिशोबाने तेव्हा निदान साठ लाख लोकांना फ्रेंच येत नव्हतं आणि शुद्ध बोलणारे होते तीसेक लाख. पुढे १८८० च्या दशकात शिक्षण सक्तीचं झालं आणि ब्रेतॉन बोलणाऱ्या पोरांच्या गळ्यात शिक्षेची वस्तू अडकवायची पद्धत शाळांमधून चालली. माझं नशीब, दहा वेळा 'जाते' लिहिण्यावर भागलं.

त्या रविवारी संध्याकाळी मी वहीच्या पानावर तिसरा रकाना आखला. फ्रेंच, मराठी आणि आजी. चहा घेऊन तिच्यापाशी बसले आणि म्हटलं, 'आजी, मालवणीत सांग, बोलणे.' तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. 'माका खंय आठवता आता?' म्हणाली. मग हळूहळू सुरू झाली. मी बोलतंय. तू बोलतंस. तो बोलता, ती बोलता. आमी बोलतंव. ते बोलतत. मी भराभर लिहीत होते. ती मध्येच वाकून वहीत बघे आणि 'त'वर बोट ठेवून पुन्हा म्हणून दाखवी.

फ्रेंचमध्ये 'वू'चे दोन अर्थ होतात, एकट्या मोठ्या माणसालाही वू आणि अनेकांनाही वू, यावर आमच्या क्लासमध्ये अर्धा तास गेला होता. मी विचारलं, 'आणि आजी, तुमी?'

'तुमी म्हणजे?' ती कप खाली ठेवत म्हणाली. 'एकटो काय सगळे?'