रोजगारविहीन वाढ : बेरोजगारीचा आकडा कसा वाचावा?

अर्थव्यवस्था वाढते, पण त्या प्रमाणात नोकऱ्या वाढत नाहीत, या स्थितीला रोजगारविहीन वाढ म्हणतात. केंद्र सरकारने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार २०२३-२४ मध्ये देशाचा जीडीपी ८.२ टक्क्यांनी वाढला. त्याच वर्षीच्या श्रमबल सर्वेक्षणात बेरोजगारीचा दर ३.२ टक्के निघाला. २०१७-१८ मध्ये तो ६.१ टक्के होता. म्हणजे बेरोजगारी जवळपास निम्म्यावर आली. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेल्या आपल्या मुलामुलींना हे सांगून पाहा!

आकडा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्यात 'काम' कशाला धरले आहे, ते पाहिले पाहिजे. या मोजणीत वर्षभरात किमान ३० दिवस काहीतरी काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी व्यक्तीसुद्धा त्यातच येते. काम करणाऱ्यांमध्ये अशा बिनपगारी मदतनिसांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये १३.६ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये १९.४ टक्के झाले. याच काळात नियमित पगारदारांचे प्रमाण २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर घसरले. बेरोजगारी कुठे गेली, याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

शेतीचेही तसेच. २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के लोक शेतीवर होते. कोरोनाच्या काळात माणसे गावी परतली आणि हे प्रमाण वाढले. २०२३-२४ मध्येही ते ४६.१ टक्के होते. देशाच्या उत्पन्नात मात्र शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपासच आहे. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, त्यात नेमके यावर बोट ठेवले होते. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अडकली आहेत, त्यांना उद्योगात काम मिळाल्याशिवाय शेतीही सुधारणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शंभर वर्षांनंतर माणसे उलट्या दिशेने गेली. आणि ज्या घराला जमीनच नाही, त्या घरातला तरुण मदतनीस म्हणून तरी कुणाच्या शेतात नोंदवला जाणार? तो मजुरीला जातो.

मग वाढ झाली कशात? मोठा भाग सेवाक्षेत्रात, जिथे थोड्या माणसांत मोठी उलाढाल होते. २०२३-२४ मध्ये आयटी उद्योगात सुमारे ५४ लाख लोक होते, तर देशात काम करणारे ५० कोटींहून अधिक. कारखानदारीचा रोजगारातील वाटा २०२३-२४ मध्ये ११.४ टक्के होता. यंत्रे वाढली की उत्पादन वाढते, हजेरीपट वाढतोच असे नाही.

शिक्षण घेतलेल्यांची स्थिती जास्त बिकट आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने निघालेल्या २०२४ च्या भारतीय रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधील बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. निरक्षर माणसाला घरी बसून वाट पाहणे परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण. पण शिक्षण हाच पुढे जाण्याचा रस्ता मानलेल्या आपल्या समाजासाठी हा आकडा जिव्हारी लागणारा आहे. आईवडिलांनी रोजंदारी करून शिकवलेला मुलगा तिशीपर्यंत फॉर्म भरत राहतो. २०१८ मध्ये रेल्वेच्या सुमारे ९० हजार जागांसाठी दोन कोटींहून अधिक अर्ज आले होते.

संविधानाच्या कलम १६(४) नुसार मिळणारे आरक्षण शासकीय सेवेपुरते आहे, खासगी कंपन्यांना ते लागू नाही. त्यामुळे सरकारी पद रिक्त ठेवले किंवा ते काम कंत्राटदाराकडे गेले, की त्यातला आपला वाटाही जातो, आणि त्यासाठी आरक्षणाला हात लावावा लागत नाही. आपल्या जिल्ह्यातील कार्यालयांत मंजूर पदे किती, भरलेली किती, राखीव प्रवर्गाचा अनुशेष किती आणि कंत्राटी कर्मचारी किती, ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. अर्जात हे चारही प्रश्न कार्यालयनिहाय आणि वर्षनिहाय विचारावेत. एकत्रित आकडा मागितला, तर तेवढाच हाती पडतो.