कुत्र्याचे कुळ आणि आपले घर

चवथीच्या दिवसांत माटोळीखाली बसलेल्या बाप्पाकडे पाहताना महादेवाचे अवघे बिऱ्हाड डोळ्यांसमोर येते. दाराशी नंदी, देवीजवळ सिंह, कार्तिकेयाचा मोर, शंकराच्या गळ्यात नाग आणि बाप्पाच्या पायाशी उंदीर. खाणारे आणि खाल्ले जाणारे एकाच छपराखाली नांदतात. देवाघरी हे आपोआप जमते, माणसाच्या घरी जमवावे लागते. ते कसे, हे आम्ही थोडे महागात शिकलो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत किल्ले आणि लढाया बाजूला ठेवून कुत्र्याचा इतिहास लिहीत आहोत.

आपल्या संस्कृतीत कुत्र्याला जागा नाही, असे कोणी म्हटले तर त्याला सरळ साखळीच्या दत्तमंदिरात न्यावे. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात आणि परंपरा त्यांना चार वेद मानते. खंडोबाबरोबर कुत्रा आहे, भैरवाचे तर ते वाहनच. महाभारताच्या शेवटी भाऊ आणि पत्नी वाटेत पडले, पण धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत चालला तो कुत्राच.

पुराणे सोडून शिलालेखांकडे वळू. आपल्या सत्तरीत ठिकठिकाणी वीरगळ उभे आहेत. तसाच एक दगड कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे सापडला. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, म्हणजे इसवी सन ९४९-५० च्या सुमाराचा. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या वीराने बक्षीस म्हणून गंग राजा बूतुगाकडे त्याचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि कुत्रा दोघेही मेले. कुत्र्यासाठी दगड उभारला आणि त्याच्यासाठी जमीनही दिली. हजार वर्षांपूर्वी एका कुत्र्याचे नाव दगडावर कोरावे असे माणसांना वाटले, ही लहान गोष्ट नव्हे.

मराठ्यांच्या इतिहासात रायगडावरच्या वाघ्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्या वादात आम्ही शिरत नाही. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा (१६८२–१७४९) खंड्या मात्र आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. महाराजांना शिकारीचा आणि जनावरांचा भारी नाद. शिकारीत वाघापासून खंड्याने त्यांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे परंपरा सांगते. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीला, त्याची समाधी दाखवतात. आमचे आजोबा ती पाहून आले होते. पडवीत बसून ते ही हकीकत सांगत तेव्हा आमच्या अंगावर काटा येई.

हाच अभिमान डोक्यात ठेवून काही वर्षांपूर्वी आम्ही चोर्ला घाट चढलो आणि बेळगावमार्गे मुधोळला गेलो. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान, आज बागलकोट जिल्ह्यात. उंच, सडपातळ, लांब तोंडाच्या तिथल्या कुत्र्याला आपल्याकडे कारवानी म्हणतात. संस्थानच्या आश्रयाने तो नावारूपाला आला. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने चार भारतीय जातींची तिकिटे काढली, त्यांत हिमालयन शीपडॉग, रामपूर आणि राजपालयम यांच्याबरोबर मुधोळही होता. पुढे सैन्यानेही त्याला प्रशिक्षणासाठी घेतले. मराठी संस्थानचा, आपल्या मातीतला, दिसायला राजबिंडा. आणखी काय हवे? पिल्लू घेऊन आलो. नाव अर्थातच खंड्या.

घरात आधीपासून आईची मांजरी मनी होती, परसात सात-आठ कोंबड्या. खंड्या माणसांशी अतिशय सौम्य. मुले त्याच्या अंगावर लोळत, तो हूं की चूं करत नसे. दहाव्या महिन्यात, पावसाची उघडीप होती त्या सकाळी, मनी परसातून पडवीकडे धावली आणि खंड्याने तिला चार ढांगांत गाठले. आम्ही पोचेपर्यंत सगळे संपले होते. खंड्या शेपूट हलवत आमच्याकडे पाहत होता. आपण काही चांगले काम केले, असेच त्याला वाटत असावे. आई त्या दिवशी जेवली नाही. त्यालाही ती रागावली नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागले.

सरकारी नोकरीत फाइल पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये, हा नियम आम्ही वीस वर्षे पाळला. कुत्र्याची फाइल मात्र वाचली नव्हती. कारवानी हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. दूरवर ससा हलला की डोळ्याने टिपायचा आणि धावून धरायचा, यासाठीच माणसाने त्याला पिढ्यान्‌पिढ्या निवडले. पळणारी मांजर त्याच्या डोळ्याला ससाच. त्याने आपल्या कुळाचा धर्म पाळला. चूक आमची होती. आता तो चंदगडकडच्या एका नातेवाइकाच्या मोकळ्या शेतावर आहे आणि तिथे सुखात आहे.

त्यानंतर आम्ही उलट बाजूने वाचू लागलो. पूर्वजांना काय काम होते, ते आधी पाहायचे. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर पाण्यात काम करत. इंग्लंडात त्यांना पाडलेला पक्षी उचलून आणायला शिकवले आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने ही जात मान्य केली. गोल्डन रिट्रीव्हर स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ पासून घडवला. दोघांचेही काम एकच, पक्ष्याला दात न लावता तो मालकाच्या हातात द्यायचा. म्हणजे तोंड मऊ हवे आणि स्वभाव सोसणारा. सेंट बर्नार्ड आल्प्सच्या खिंडीतल्या मठात वाढला. त्यांतला बॅरी (१८००–१८१४) चाळीसहून अधिक जीव वाचवणारा म्हणून प्रसिद्ध आहे. स्वभाव देवमाणसाचा, पण बर्फातला तो केसाळ जीव वाळपईच्या मे महिन्यात आणणे हा त्याच्यावर अन्याय. ग्रेट डेन आज शांत दिसतो, पण जर्मनीत त्याला रानडुकरांवर सोडत. शिवाय एवढ्या मोठ्या देहाला आयुष्य थोडे, बहुधा आठ-दहा वर्षे. आणि धनगराचा कुत्रा? तो पिल्लूपणापासून कळपात वाढतो, म्हणून कळपाला आपले मानतो. कुळाइतकीच संगत महत्त्वाची, हे त्याने शिकवले.

ज्यांच्या घरी मांजर, कोंबड्या किंवा ससे आहेत आणि मोठा कुत्रा आणायचा विचार आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. पिल्लाची आई पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नये, आई बुजरी किंवा चिडकी असेल तर मागे फिरावे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. घरी आणल्यावर पहिले काही दिवस मांजराला वेगळी खोली द्यावी, एकाचे अंथरूण दुसऱ्याला हुंगायला द्यावे, मग दोरी हातात धरून भेट घडवावी. मांजराला चढून बसायला उंच फळी असावी. मोठा कुत्रा घ्यायचा असेल तर तो मांजरांत वाढलेला आहे का, हे विचारावे. आपल्याकडच्या पावसात दाट केसांची कातडी आणि लोंबते कान ओले राहतात, ते रोज पुसावे आणि गोचिडांवर लक्ष ठेवावे. रेबीजची लस चुकवू नये. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले, ते वर्षानुवर्षे घरोघर लस टोचत फिरलेल्या माणसांमुळे. ते टिकवणे आपल्या हाती आहे. आणि रस्त्यावरचे आपले गावठी सुणेंही विसरू नये. या हवेला त्याच्याइतके सरावलेले दुसरे कोणी नाही.

आमच्याकडे आता मनीच्याच वंशातली एक तपकिरी मांजरी आहे. ओळखीच्या एका कुटुंबाची दोन वर्षांची लॅब्राडोर कुत्री आमच्याकडे यायची आहे. ती दोन मांजरांबरोबर वाढली आहे. या वेळी आम्ही एकटे गेलो नाही, आईला घेऊन गेलो. आई तासभर नुसती पाहत बसली. कुत्रीच्या पाठीवर एक मांजर झोपले होते. परतताना गाडीत आई म्हणाली, “हिला आणा. पण चवथ झाल्यावर. फटाक्यांच्या आवाजात नवीन घर ओळखायला लावू नका कोणाला.”

म्हणून विसर्जनानंतर ती येईल. वाचकहो, तुमच्या वाड्यावरही एखादे जनावर कॉटखाली थरथरत बसलेले असेल. यंदा दोन फटाके कमी वाजवा. बाप्पाच्या उंदरालाही बरे वाटेल.